बर्फ का तरंगतो

हॅलो?… हॅलो, कोण?… कॉन्सेप्टा! अगं थांब, थांब. हात पिठात बुडालेत, फोन हनुवटीखाली धरलाय… सोडा ब्रेड करतेय… हो, शुक्रवारी, भर दुपारी. बघ ना, कधी नव्हे ते.

नाही गं, आजारी नाहीये.

आजारी नाही म्हणते ना! सगळ्या गावानं मिळून मला आजारी ठरवलंय की काय!… थांब, हात धुते.

हं, बोल आता. मधली सुट्टी का तुझी?… बरं. तुला कोणी सांगितलं पण?… मुइरिनने? तिने स्वतः फोन केला? तुला?… कॉन्सेप्टा, शाळा सोडून जाताना तू तिला काय काय बोलली होतीस आठवतंय ना? मुख्याध्यापिकेला तोंडावर "पोरी" म्हणाली होतीस… हो, असेल आपल्या हाताखाली शिकलेली, म्हणून काय झालं! आणि ती तुलाच सांगते की या फिडेल्माला समजवा. म्हणजे अगदीच टेकीला आलेली दिसते बिचारी.

हो. खरं आहे.

हो, शाळा सोडली. सप्टेंबरपासून मी नसणार… काल शेवटचा तास घेतला. प्रयोगशाळेची किल्ली देऊन आले.

बोल. बोल एकदाचं, "मी म्हटलं नव्हतं का?" इतकी वर्षं तोंडात धरून बसलीयस, टाक थुंकून… नाही म्हणायचं? का?… अगं म्हण ना. तू असं गप्प बसलीस की मला जास्त भीती वाटते.

नाही, कोणी काढलं नाही मला. उलट मुइरिन रडली. खरंच. तिच्या खोलीत शाळेचं ते नवीन नाव लिहिलंय ना भिंतीवर मोठ्या अक्षरांत, त्याच्या खाली बसून रडली… कोलॉश्ता न ग्वीहे. म्हणून बघ की एकदा, जीभ नाही झडणार… हो, "वाऱ्याची शाळा". नाव अगदी बरोबर आहे, छपराचे पत्रे दर हिवाळ्यात उडतातच.

हे बघ, कॉन्सेप्टा, तो वाद आज नको… नको ना. अगं ऐक… माशांचा कारखाना बंद पडला, लोक गाव सोडून गेले तेव्हा काय अवस्था होती आपली? शेवटी शेवटी तर तू रिकाम्या बाकांनाच इतिहास शिकवत होतीस. आणि टेकडीवरची ती आयरिश प्राथमिक शाळा बघ, मुलं मावेनात. बारा वर्षांची झाली की त्या पोरांनी जायचं कुठे? आपली शाळा आयरिश न करता इंग्रजीच ठेवली असती ना, तर आज तिथे कोंबड्या फिरल्या असत्या… आता? आता तुझ्या खोलीत दाटीवाटीने बसतात. काल मी जिन्यात उभी होते. वरून खालून सगळी आयरिशमध्ये भांडतायत, चिडवतायत, डबा पळवला म्हणून बोंबलतायत. परीक्षेपुरतं पाठ केलेलं नाही गं, भांडणाचं आयरिश. माझ्या आजीनंतर मी या गावात ते ऐकलं नव्हतं.

हो, तुझं वाईट झालं. ते मी कधी नाकारलंय?… तुला सांगितलं, बाई, आयरिशमध्ये शिकवा नाहीतर दुसरी शाळा बघा. मला माहीत आहे. मी तिथेच बसले होते… हो, आणि मी आयरिशच्या बाजूने हातही वर केला होता, तेही तुला माहीत आहे. आपण यावरून एक अख्खा ईस्टर बोललो नाही एकमेकींशी. आता परत नको.

मी शिकले म्हणून राहिले. एवढाच फरक.

"हौस" नाही, कॉन्सेप्टा. प्रत्येक उन्हाळ्यात आयरिश शिकायला बेटावर जाऊन राहणं ही हौस? सोळा-सतरा वर्षांच्या पोरींबरोबर एका खोलीत झोपायचं. आंघोळीला रांग. घरमालकीण मला रोज नाश्त्याला विचारायची, "आज काय करणार, बाई?" आणि मी अंड्याकडे बघत वाक्य जुळवायचे. तोवर अंडं गार… हस, हस. पण पास झाले. कागद मिळाला. आणि या वर्षी मुइरिनने पहिल्या वर्षाचा वर्ग माझ्याकडे दिला. रसायनशास्त्र, सगळं आयरिशमध्ये. काय छाती फुगली होती माझी!

नाही, शब्दांचं काही नाही. शब्द सोपे असतात. ऑक्सिजनला ऑक्सिजीन म्हणतात, हायड्रोजनला हिड्रिजीन. यादी मिळते, पाठ करायची. अवघड असतं ते मधलं. "बघा हं", "आता गंमत", "अरे गाढवा, ते तोंडात नको घालूस". ते कुठल्या यादीत असतं सांग? ते सुचेपर्यंत वेळ निघून जाते. मग उरतं काय? चष्मा लावा. बर्नर पेटवा. लिहून घ्या. संपलं.

तुला एक सांगू? एकदा दुकानात मी बिलिंगच्या पोराची चेष्टा करत होते, नेहमीसारखी, इंग्रजीत. मागे माझ्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर उभी. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग आईला हळूच म्हणते, "मिस विनोदी आहेत?"

…हो ना. मीही हसले तेव्हा. गाडीत बसल्यावर नाही हसता आलं.

नाही नाही, त्यावरून नाही सोडली. तेवढ्यावरून कोण सोडतं. ऐक तरी.

फाख्तना डेव्हनी आठवतो का?… अगं तोच, ज्याने आम्ल सांडून टेबलाला भोक पाडलं होतं. आता बोट चालवतो, लोकांना सील दाखवायला नेतो. त्याची मुलगी साइव माझ्या वर्गात आहे. म्हणजे होती. लाल केस, बापासारखंच मोठं कपाळ. जानेवारीत एकदा मैदानावर सगळं गोठलं होतं. तास चालू होता, आणि तिने हात वर केला. आयरिशमध्ये विचारलं, "मिस, बर्फ का तरंगतो?"

हो. तोच प्रश्न.

बरोबर, बापाने शिकवून पाठवलं होतं. घरी सांगितलं होतं, "मिसना बर्फाचं विचार, आणि मग मजा बघ." मला ते नंतर कळलं. पण तेव्हाही तिचा चेहरा बघून कळत होतं गं. पेन खाली ठेवलं होतं तिने. अशी रेलून बसली होती, गोष्ट ऐकायला बसतात तशी.

तुझ्या खोलीत ऐकू यायचं?… भिंतीतून? खरंच?… अगं, कधी बोलली नाहीस!… हो, हो, तेच. "थंडी वाढली म्हणून मी का आकसू?" पोस्टातल्या मिसेस गिलहूलीचा आवाज काढायचे मी. सगळं जग गारठलं की अंग चोरतं, पाणीसुद्धा चोरतं, पण अगदी गोठायच्या वेळेला ही बाई हट्टाला पेटते आणि पसरून बसते… आणि म्हणून तरंगते! म्हणून तळं वरून गोठतं, खाली मासे जिवंत. बर्फ बुडाला असता तर तळी तळापासून गोठत वर आली असती, मासे संपले असते, आणि मग…

हां! "मग रविवारी चर्च चुकवून गळ टाकायला जायला तुमच्या वडलांना निमित्त राहिलं असतं का?" तिथे सगळी हसायची. प्रत्येक वर्षी, तिथेच. मला माहीत असायचं, मी आधीच थांबायचे.

तर साइव बघतेय माझ्याकडे. आणि मला… काही नाही गं. काहीच येईना. हट्टी कसं म्हणायचं ते येत होतं. पसरणं येत होतं. पण मिसेस गिलहूली येईना. ती बाई आयरिश बोललीच नाही कधी, मी तिला कशी बोलायला लावू? तो आवाज आपल्या गावच्या इंग्रजीचा आहे. ते इंग्रजीसुद्धा आपलंच होतं ना, कॉन्सेप्टा? लंडनहून नव्हतं आलं ते. आपल्याच आयांनी असं वाकवून वाकवून केलेलं.

मी म्हटलं, "तो हलका असतो."

हो. एवढंच. "पाण्यापेक्षा बर्फ हलका असतो." तिचं पेन अजून खालीच. म्हणाली, "आणि?" मी म्हटलं, "एवढंच." मग तिने पेन उचललं आणि लिहिलं. हलका असतो. मान डोलावली. चांगली मुलगी आहे गं, फार चांगली. म्हणून तर…

नाही, रडत नाहीये. ओव्हनची वाफ आली.

पुढे ऐक. आठवड्याने पेट्रोल पंपावर फाख्तना भेटला. टोपी काढून उभा राहिला, असा पाय मागे पुढे करत. म्हणाला, "मिस, तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "का रे?" तो म्हणे, "काही नाही, साइव म्हणत होती…" मी दोनदा विचारलं तेव्हा सांगितलं. म्हणाली होती, "डॅडी, तुम्ही सांगता त्या मिस वेगळ्या असतील."

त्याला वाटलं, मला काहीतरी झालंय. डोक्याचं वगैरे. त्याची आई तशीच गेली ना… नाही, त्याचा काही दोष नाही. काळजीनेच विचारत होता. मी म्हटलं, "ठणठणीत आहे, सर्दी झाली होती." त्याने माझ्या गाडीत पेट्रोल भरून दिलं, काच पुसून दिली. माझ्या हातून गाडी चालूच होईना.

हो, मुइरिनला सांगितलं. लगेच दुसऱ्या दिवशी. ती म्हणाली, "मिस, दहा मिनिटं इंग्रजीत सांगा, कोणी काही म्हणणार नाही. मी पण हेच ऐकून मोठी झालेय." चांगली आहे गं ती. तुला कधी पटणार नाही, पण आहे.

सांगायला गेले ना! वर्गात उभी राहिले आणि इंग्रजीत सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील. पोरं दाराकडे बघायला लागली, कोणी ऐकेल की काय म्हणून. आणि साइवने हात वर केला. इतक्या हळू, इतक्या आदराने… आयरिशमध्ये म्हणाली, "मिस, आयरिशमध्ये सांगा ना. आम्ही थांबतो."

…हो.

"आम्ही थांबतो." आणि थांबली की. सगळा वर्ग हाताची घडी घालून बसला. माझ्यासाठी. मी सुचेल तेव्हा बोलावं म्हणून.

अगं उद्धट नव्हती! उलट. आपणच लावलेली सवय ती. हेच तर हवं होतं आपल्याला… बरं, मला. मलाच हवं होतं. तू म्हणतेस तसं. मला त्या पोरांचा इतका अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी वाटलं की फळ्याच्या मागे जाऊन लपावं.

मग? मग मी जिद्दीला पेटले. तू ओळखतेस मला. घरी बसून सगळी गोष्ट आयरिशमध्ये लिहिली. घरमालकिणीला बेटावर रोज संध्याकाळी फोन करायचे, एकेक वाक्य वाचून दाखवायचे. ती म्हणायची, "बरोबर आहे, बाई, पण असं कोणी बोलत नाही." मग कसं बोलतात? "ते असं सांगता येत नाही." परत खोडायचं, परत लिहायचं. आरशासमोर म्हणून बघितलं. गेल्या महिन्यात सांगितली वर्गात. बिनचूक, एकही चूक नाही.

…शांतपणे ऐकून घेतली. चर्चच्या वाक्यापाशी आले, थांबले मी. सवयीने थांबले. कोणी हसलं नाही. पोरांना कळलंच नाही की थांबायचं कारण काय. मग शेवटी टाळ्या वाजवल्या. टाळ्या, कॉन्सेप्टा! इतक्या वर्षांत माझ्या तासाला कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आणि साइव जाताना दाराशी थांबून म्हणाली, "छान होतं, मिस." माझं सांत्वन केल्यासारखी.

त्या दिवशी ठरवलं.

नाही, रागाने नाही. रागावण्यासारखं आहे काय? कोणी चुकलंच नाही ना यात. तेच तर कठीण जातं. एखादा नालायक असता तर किती बरं झालं असतं, त्याला शिव्या देत पाव भाजला असता.

माझ्या जागी? आलाय एक. कोलमॉन नाव. बेटावरचा आहे, पोरगेला, कान मोठे. मंगळवारी बघायला आला होता. मी सगळी कपाटं उघडून दाखवली, कुठला नळ गळतो, कुठला बर्नर रुसतो. मग चहा केला बीकरमध्ये… हो गं, अजूनही बीकरमध्येच. आणि बसले होते त्याच्यासमोर, आणि काय वाटलं कोणास ठाऊक, मी त्याला बर्फाची गोष्ट सांगितली. इंग्रजीत. सगळी. मिसेस गिलहूलीसकट. उभी राहून, हातवारे करून, त्या रिकाम्या प्रयोगशाळेत.

हसला का? अगं चहा नाकातून आला त्याच्या! आणि बरोबर जागेवर.

मग म्हणाला, "आमच्याकडे माझी एक आत्या आहे." आणि तो उठला आणि आयरिशमध्ये सांगायला लागला. माझी गोष्ट नाही. म्हणजे माझीच, पण मिसेस गिलहूली कुठेच नाही. त्याची आत्या. दारात खुर्ची टाकून बसलेली, सगळं घर म्हणतंय आत ये, गारठशील, आणि ती मुद्दाम पाय पसरते, शाल उघडते. चर्चसुद्धा नव्हतं त्यात. शेवटी मासे आत्याचे आभार मानायला येतात… नाही, तसं नाही सांगता येत. इंग्रजीत नाही सांगता येत ते. त्याने सांगितलं तेव्हा मी टेबलावर हात आपटून हसत होते.

सगळं कळलं मला. एकूण एक शब्द. कुठे अडले नाही. ऐकताना ती भाषा माझी असते गं. तोंड उघडलं की नसते.

…हं.

हो, देणार त्यालाच. मुइरिनने पक्कं केलंय. मुलांचं चांगलं होईल. साइवला… हो. चांगलं होईल.

काय?… कुठे, स्लायगोला? तुमच्या शाळेत?… रसायनशास्त्राची जागा?… इंग्रजीत, अर्थात. सप्टेंबरपासून?… अगं, तू विचारूनही ठेवलंस? मुइरिनने तुला मला थांबवायला सांगितलं आणि तू मला पळवायला बघतेस!

नाही गं. थँक यू. मनापासून. पण नाही.

कसं सांगू… तिथे मी पहिल्याच हिवाळ्यात बर्फ सांगेन. पोरं हसतीलही. पण ती आपल्या गावची नसतील. ज्यांच्या बापांना मी ओळखते, ती नसतील. त्यांना मिसेस गिलहूली कोण ते काय ठाऊक? मी इथे परक्या भाषेत आपल्या मुलांना शिकवत होते. तिथे आपल्या भाषेत परक्या मुलांना शिकवायचं. त्यापेक्षा घरी बसलेली काय वाईट? तसं जगता येतं का कोणाला, रोज उठून…

कॉन्सेप्टा?

हॅलो? आहेस का?… मला वाटलं लाईन गेली.

काय झालं?… नाही, बोल ना… अगं, मी तुझ्याबद्दल नव्हते बोलत. देवाशपथ, माझ्याबद्दलच… नाही, मला ते… मी विचारच केला नाही.

…

…रोज?

आणि आम्हाला सांगत होतीस, शाळा मोठी आहे, पोरं हुशार आहेत, गाडी लावायला जागा आहे. ख्रिसमसला किती थाटात सांगत होतीस!… हं… हं… कोणते आडनावांचे विनोद?… अरे हो, तू हजेरी घेताना प्रत्येकाच्या आजोबांची खोडी काढायचीस. ते तिथे कसं होणार… नाही ना. कोणाचेच आजोबा माहीत नाहीत.

हं.

आणि घरी येताना?… रोज? जुन्या रस्त्याने? आपल्या शाळेवरून? पण ते तर लांब पडतं तुला… थांबत नाहीस, नुसतीच जातेस… आत का नाही आलीस गं कधी? मी तिथेच होते. दिवे चालू दिसायचे ना माझ्या खोलीत?… दिसायचे.

मला वाटायचं, तू रागावलीयस.

हो, ते पण असेल. राहू दे थोडं, सगळं एकदम नको सोडूस, ओळखू यायची नाहीस मला.

…

नाही, मी नाही म्हणणार तसं. तुला खोटं नाही सांगणार. उद्या परत हात वर करायला सांगितला तर मी परत करेन. त्या जिन्यातला गोंगाट ऐकला असतास तर तूही… बरं, तू नसता केलास. पण मी करेन. आणि परत असंच होईल, तू तिकडे आणि मी इथे. हे दोन्ही खरं आहे, काय करू? मला वाईट वाटतं, कॉन्सेप्टा. झालं ते चूक झालं म्हणून नाही. बरोबर झालं आणि तरी आपण दोघी उरलो नाही, म्हणून.

…हं. नाक शिंकर आधी.

ये की. उद्या शनिवार आहे. येच. कशाला काय, पाव खायला ये. प्रयोगशाळेतून दोन खोकी आणलीत, त्यात कचराच जास्त आहे, बसू निवडत… नाही, मुइरिनला नाही बोलावत. उद्या नाही. पुढे कधीतरी बघू.

आता कसला आवाज तो?… घंटा? संपली मधली सुट्टी? अगं मग काय बसलीयस, तोंड धू आणि जा… कुठला वर्ग?… दुष्काळ शिकवायचाय? आज? या डोळ्यांनी?… बरं आहे मग, पोरांना वाटेल धड्यामुळेच.

हसलीस ना. बास.

नाही, मी ठेवत नाही, तू ठेव… तू ठेव गं… बरं, दोघींपैकी वर्ग कोणाला आहे? तुला ना? मग जा. धावत जा… हो, उद्या. हो, लोणी आहे घरात. जा, कॉन्सेप्टा, पोरं वर्गात येऊन बसली असतील. ठेवते मी.